युद्धांना युगाचे शिक्के नकोत

इतिहासातील युद्धांची नोंद यंत्राला उमजेल अशा रीतीने करून ठेवण्याचे कार्य आज जगभर चालू आहे, आणि ते कार्य थोर आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. व्यक्ती, स्थळ, राज्य, घटना, तहनामा यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र अस्तित्व देऊन त्यांच्यामधील संबंध निःसंदिग्धपणे बांधून ठेवावेत, म्हणजे पानिपतावर कोण कोणाविरुद्ध लढले, त्याच सुमारास बंगालमध्ये कोणाची सत्ता होती, सालबाईच्या तहाने कोणते युद्ध संपले, अशा प्रश्नांची उत्तरे यंत्राने स्वतः जुळवून द्यावीत, ही ज्ञानालेखाची, म्हणजे संगणकशास्त्रात ज्याला नॉलेज ग्राफ म्हणतात त्याची, मूळ कल्पना होय. आणि २०१२ पासून सर्वांना खुल्या असलेल्या विकिडेटासारख्या भांडारात ती प्रत्यक्ष नांदतही आहे. परंतु या कार्याच्या आश्रयाने एक मत हळूहळू रूढ होत चालले आहे, आणि ज्या सहजपणे ते स्वीकारले जात आहे तो सहजपणाच मला अस्वस्थ करतो. ते मत असे की, युद्धाची नोंद करताना प्रथम त्यावर युगाचा शिक्का उमटवावा, हे युद्ध प्राचीन, हे मध्ययुगीन, हे आधुनिक असे ठरवून टाकावे, आणि तो शिक्का युद्धाच्या वर्णनातील एक तपशील न मानता युद्धाची जातच मानावी.

प्रतिपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणे मी शक्य तितक्या स्पष्टपणे मांडतो. तो म्हणतो की, प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक ही विभागणी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेली, सर्वमान्य आणि सर्वत्र लागू पडणारी आहे. तो म्हणतो की, युगावरून युद्धाचे स्वरूप कळते. भाल्यांचे युद्ध कोणते आणि तोफांचे कोणते, हे युगाच्या नावातच सामावलेले असते. तो म्हणतो की, एखादे युद्ध दोन युगांच्या सीमेवर आलेच, तर त्याची अधिक वर्षे ज्या युगात जातात त्या युगात ते घालावे. तो म्हणतो की, यंत्राला वर्ग लागतात, वर्गांवाचून शोध अशक्य होतो. आणि शेवटी तो म्हणतो की, पुष्कळशा युद्धांच्या तारखाच निश्चित नाहीत. तेथे युगावाचून दुसरा आधार तो कोणता? ही पाच कलमे आहेत. त्यांतील पहिली चार पायापासून चुकीची आहेत, आणि पाचवे अर्धवट विचाराचे फळ आहे.

पहिल्या कलमापासून आरंभ करू. ही विभागणी सर्वमान्य आहे म्हणजे कोणाला मान्य आहे? इतिहासाचे हे तीन तुकडे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्तोफ केलर या जर्मन पंडिताच्या ग्रंथांनी युरोपात रूढ केले, आणि त्यांच्या सीमा युरोपाच्या भाग्यविपर्यासांवरून आखल्या गेल्या: ४७६ साली पश्चिम रोमचा अखेरचा सम्राट पदच्युत झाला तेथे प्राचीन काळ संपला, आणि १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले किंवा १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेथे मध्ययुग संपले. चीनच्या इतिहासकारांनी आपल्या अर्वाचीन काळाचा आरंभ अफूच्या युद्धाशी, १८४० शी, जोडला. फ्रेंच परंपरेने १७८९ च्या राज्यक्रांतीपाशी आणखी एक रेघ ओढून तिच्यापुढील काळाला वेगळे नाव दिले. हिंदुस्थानच्या वाट्याला जी विभागणी आली ती १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स मिलच्या इतिहासातून: हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे राज्यकर्त्यांच्या धर्मावरून आणि वंशावरून पाडलेले तीन खंड. हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊलही न ठेवलेल्या एका गृहस्थाने पाडलेल्या त्या खंडांची नावे पुढे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक अशी बदलली. परंतु शिवण बहुतांशी जुन्याच ठिकाणी राहिली. जी सीमा पॅरिसमध्ये एक, बीजिंगमध्ये दुसरी आणि दिल्लीत तिसरी आहे, तिला सर्वमान्य म्हणावे कोणत्या आधारावर?

आणि दिल्लीत तरी ती एक आहे काय? संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत इतिहास या वैकल्पिक विषयाचा जो अभ्यासक्रम आहे तो पाहावा. त्यात १७६१ ची पानिपतची लढाई पहिल्या प्रश्नपत्रिकेत, म्हणजे प्राचीन आणि मध्ययुगीन भारताच्या कक्षेत येते, आणि १७५७ ची प्लासीची लढाई दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, म्हणजे आधुनिक भारतात. चार वर्षे आधी झालेली लढाई आधुनिक ठरली आणि चार वर्षांनंतरची मध्ययुगीन! अध्यापनाच्या सोयीसाठी याचे समर्थन होऊ शकते. मोगल-मराठा सत्तेची कथा एका ओघात सांगावी आणि इंग्रजांची दुसऱ्या ओघात, हा शिक्षकाचा विवेक आहे. परंतु हाच विवेक उचलून यंत्राच्या स्मरणात वस्तुस्थिती म्हणून कोरून ठेवला, तर यंत्र त्यापासून काय शिकेल? मध्ययुग आधुनिक युगाच्या आधी येते आणि पानिपत प्लासीच्या नंतर येते, ही दोन्ही विधाने त्याने एकाच वेळी खरी कशी मानावीत? जो परस्परविरोध मनुष्याच्या बुद्धीने न बोलता सांभाळून घेतला, तो यंत्राच्या दप्तरात गेला की विरोध म्हणूनच उरतो.

दुसरे कलम युद्धाच्या स्वरूपाचे. युग सांगितले की लढण्याची रीत कळते, हे विधान ज्याने केले त्याने पानिपताच्या लढायांचा विचार केलेला दिसत नाही. १५२६ च्या एप्रिलात बाबराने त्याच भूमीवर गाडे चामड्याच्या दोरांनी जखडून त्यांच्या आडून तोफा आणि बंदुका चालवल्या, आणि इब्राहिम लोदीच्या हत्तींचा व मोठ्या फौजेचा पराभव केला. त्याला मध्ययुगीन म्हणावे तर बारूद मध्ये येते, आणि आधुनिक म्हणावे तर लोदीचे हत्ती मध्ये येतात. १७६१ च्या जानेवारीत त्याच प्रदेशात इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफखाना मराठ्यांच्या बाजूने उभा होता, त्याच्याच शेजारी भाला-तलवारीने लढणारे घोडदळ होते, आणि समोर अब्दालीच्या उंटांवर जंबुरके, म्हणजे लहान तोफा, कसलेली होती. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणात शिंद्यांची युरोपीय पद्धतीने तयार झालेली पलटणे वेलस्लीच्या सैन्याशी भिडली, आणि त्या आधुनिक म्हणवणाऱ्या युद्धातही घोडेस्वारांनी तलवार उपसून हल्ले केले. एका रणांगणावर तीन शतकांची आयुधे एकत्र नांदतात, हाच तर युद्धांच्या इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे. आयुधांची माहिती हवी असेल तर आयुधांची नोंद करा. पायदळाची शिस्त, तोफांचा भरणा, रसद, आरमार, किल्ल्यांचा वेढा, ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र विधान म्हणून लिहिता येते. ती नोंद करण्याचे श्रम टाळावयाचे आणि तिच्या जागी 'मध्ययुगीन' हा एक शब्द ठेवून सर्व काही सांगितल्याचे समाधान मानावयाचे, याला वर्गीकरण म्हणत नाहीत.

आता सीमेवरील युद्धांचे तिसरे कलम. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे शतवार्षिक युद्ध १३३७ साली सुरू झाले आणि त्याची अखेरची मोठी लढाई १७ जुलै १४५३ रोजी कास्तियों येथे झाली. कॉन्स्टँटिनोपल पडले ते त्याच वर्षी २९ मे रोजी. म्हणजे सीमारेषा काटेकोरपणे पाळली तर त्या युद्धाचा निकाल ज्या लढाईने लागला तीच लढाई नव्या युगात जाते, आणि युद्ध मात्र जुन्या युगात राहते. अधिक वर्षे जिकडे तिकडे युद्ध, हा नियम येथे लावला की आकडेमोड जमते; परंतु लढाई एका जातीची आणि ती ज्याचे अंग आहे ते युद्ध दुसऱ्या जातीचे, असा विपरीत प्रकार त्यातून उद्भवतो. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मृत्यू पावला. मराठ्यांनी त्या काळात केलेला प्रतिकार हा एक अखंड संग्राम होता. ज्यांच्या कोष्टकात १७०७ ही मध्ययुगाची शेवटची पायरी आहे त्यांना हा संग्राम सोयीचा वाटेल, परंतु मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूच्या आणि ताराबाईच्या वादात जे यादवीचे युद्ध लगेच पेटले ते त्यांच्या लेखी दुसऱ्या युगातले ठरेल. एका बादशहाच्या मृत्यूने बादशाही बदलते. एका दिवसात माणसांचे युग बदलते काय?

यावर प्रतिपक्ष उत्तर देतो की, प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्र युगे ठरवावीत, म्हणजे युरोपाची फूटपट्टी हिंदुस्थानाला लावावी लागणार नाही. हे उत्तर वरकरणी समंजस दिसते, आणि तेवढ्यापुरतेच ते टिकते. कारण युद्धे प्रदेशांच्या आत राहण्याचे बंधन पाळत नाहीत. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी आप्पांची वसईची मोहीम कोणत्या प्रदेशाची? पोर्तुगिजांच्या बाजूने पाहिले तर युरोपीय गणनेत मध्ययुग संपून तेव्हा सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे वर्षे लोटली होती. मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडील पुष्कळशा पाठ्यक्रमांत तो काळ मध्ययुगातच मोडतो. तटाच्या आतला शिपाई एका युगात आणि तटाला सुरुंग लावणारा दुसऱ्या युगात, असे मानावयाचे काय? १७५६ ते १७६३ चे सप्तवार्षिक युद्ध युरोपात, उत्तर अमेरिकेत आणि कर्नाटकातही लढले गेले. त्याच्या प्रत्येक रणभूमीला वेगळे युग दिले तर एका युद्धाची एकता नष्ट होते, आणि सर्वांना एकच युग दिले तर प्रदेशवार युगांचा सिद्धांत नष्ट होतो. यांतून निसटण्याचा तिसरा मार्ग नाही.

चौथे कलम यंत्राच्या गरजेचे, आणि येथे प्रतिपक्षाचा आत्मविश्वास सर्वांत मोठा आणि आधार सर्वांत दुबळा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एक कागद एकाच रुमालात राहू शकतो, म्हणून तो कोणत्या रुमालात ठेवावा हे ठरवणे दप्तरदाराला भाग असते. ज्ञानालेखाला रुमाल नाहीत. त्यात एका युद्धाला आरंभाची तारीख, समाप्तीची तारीख, स्थळ, पक्ष, सेनापती, कारण, परिणाम, ज्या मोठ्या युद्धाचे ते अंग आहे ते युद्ध, असे हवे तितके धागे जोडता येतात, आणि त्यांतील कोणत्याही धाग्यावरून त्या युद्धापर्यंत पोहोचता येते. १६३० ते १८१८ या काळात दक्षिणेत झालेली सर्व युद्धे द्या, असे विचारले तर यंत्र तारखा आणि स्थळे पाहून ती क्षणात काढून देते. त्यासाठी कोणीही आधी बसून प्रत्येक युद्धावर शिक्का मारण्याची आवश्यकता नाही. दोन कालावधींमध्ये कोणकोणते संबंध असू शकतात, आधीचा, नंतरचा, लगतचा, अंशतः व्यापणारा, पूर्णपणे आत सामावलेला, याचा तर्कशुद्ध हिशेब जेम्स ॲलन या संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडला आणि असे संबंध तेराच आहेत हे दाखवून दिले. त्या तेरा संबंधांनी युद्ध आणि युग यांचे नाते यंत्राला कधीही काढता येते. जे काढता येते ते आधीच लिहून ठेवणे म्हणजे चुकीला कायमचे घर देणे होय.

कारण ती चूक एका जागी राहत नाही. 'मध्ययुगीन युद्ध' ही जात एकदा निर्माण केली की तिच्या पोटी 'मध्ययुगीन वेढा', 'मध्ययुगीन नाविक युद्ध', 'मध्ययुगीन बंड' अशा पोटजाती निर्माण होतात, आणि वरच्या जातीविषयी केलेले प्रत्येक विधान यंत्र खालच्या प्रत्येक नोंदीला लावते. एका भांडारात मध्ययुग १५०० पर्यंत, दुसऱ्यात १७०७ पर्यंत आणि तिसऱ्यात १७५७ पर्यंत चालते; नाव एकच असल्यामुळे ही तीन भांडारे जोडताना यंत्र तिन्ही मध्ययुगे एकच समजते. मग १५२६ चे पानिपत एका दाखल्याने मध्ययुगात आणि दुसऱ्या दाखल्याने त्याच्या बाहेर राहते, आणि दोन युगे परस्परांपासून भिन्न आहेत असा नियम घातलेला असेल तर सगळी रचनाच विसंगत ठरते. आयोगाप्रमाणे शिक्के मारले तर आधुनिक काळातील मराठ्यांची युद्धे मागणाऱ्या जिज्ञासूला १७६१ चे पानिपत मिळत नाही, मध्ययुगातील मागणाऱ्याला प्लासीचा समकालीन संदर्भ मिळत नाही, आणि दोघांनाही आपल्याला काय मिळाले नाही याची वार्तासुद्धा लागत नाही. पुढे विद्वानांनी सीमा बदलली तर? तारखा लिहिलेल्या असतील तर सीमेची एक नोंद दुरुस्त करून काम भागते. शिक्के मारलेले असतील तर हजारो युद्धे एकेक करून पुन्हा तपासावी लागतात.

राहिले पाचवे कलम, तारखांच्या अनिश्चिततेचे. ही अडचण खरी आहे हे मी मान्य करतो. तिचा उपाय मात्र युग हा नाही. कलिंगयुद्धाचे उदाहरण घ्यावे. त्याचे वर्ष कोणत्याही शिलालेखावर कोरलेले नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ते अभिषेकानंतर आठ वर्षांनी झाले असे म्हटले आहे, आणि त्याच लेखात अंतियोक, तुरमाय यांसारख्या पाच यवन राजांची नावे आहेत, ज्यांच्या राजवटींवरून विद्वानांनी अशोकाचा काळ बसवला; इ.स.पू. २६१ हे वर्ष त्या अनुमानाचे फळ आहे. ज्ञानालेखात हे सर्व जसेच्या तसे लिहिता येते: मूळ आधाराचे विधान, त्यावरून काढलेले वर्ष, ते अंदाजे असल्याची खूण, आणि ज्या लेखाच्या बळावर ते उभे आहे तो लेख. विकिडेटात तारखेबरोबर तिची अचूकता शतकापर्यंत, वर्षापर्यंत की दिवसापर्यंत आहे हे नोंदवण्याची सोय आहे, एकाच गोष्टीविषयी परस्परविरोधी दोन मते साधार ठेवण्याचीही सोय आहे. इतकी साधने हाताशी असताना 'प्राचीन युद्ध' एवढे लिहून थांबणे म्हणजे अनिश्चिततेचे मोजमाप न करता ती झाकून टाकणे होय. शतक ठाऊक असेल तर शतक लिहावे. शतक लिहिण्याइतकेही ज्ञान नसेल, तर युग ठरवण्याचा अधिकार कोठून आला?

तारीख ही सोपी गोष्ट आहे असे मी म्हणत नाही, आणि मराठी वाचकाला ते सांगण्याची गरजही नाही. पानिपतचा दिवस शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी. शक चैत्रापासून बदलत असल्यामुळे १६८२ मध्ये ७८ मिळवून १७६० लिहिणारा चुकतो, कारण तो पौष १७६१ च्या जानेवारीत पडतो. मराठी कागदांतील शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून त्याचे एक वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरते. वसईच्या वेढ्याच्या वेळी मुंबईचे इंग्रज जुनी, ज्युलियन, गणना पाळीत होते आणि पोर्तुगीज नवी, ग्रेगोरियन. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते, आणि इंग्रजांनी ते १७५२ साली मिटवले. अशा वेळी तारीख कोणत्या गणनेने दिली आहे ते नोंदणे हे खरे काम आहे, आणि आपल्या इतिहाससंशोधकांची सारी तपश्चर्या याच कामात वेचली गेली. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपताच्या काळातील पत्रांचा होता, आणि पत्राची मिती लावण्यासाठी त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी जे कष्ट केले त्यांवर आजचा प्रत्येक इतिहासग्रंथ उभा आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली तारीखवार नोंदींची जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि शिवछत्रपतींचा जन्म १६२७ चा की १६३० चा या वादाला नवे वळण मिळाले. ज्या परंपरेने एका जन्मतिथीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाद केला, तिने आपली युद्धे 'मध्ययुगीन' या एका शब्दाच्या हवाली करून स्वस्थ बसावे काय?

युग या कल्पनेला इतिहासातून हद्दपार करावे असे माझे म्हणणे नाही. युग हा विद्वानाचा निर्णय आहे, आणि निर्णयाला निर्णय म्हणून मान आहे. इतिहासकार सरदेशायांनी मुसलमानी, मराठी आणि ब्रिटिश अशा रियासती लिहिल्या. त्यांचे काळ परस्परांत गुंतलेले आहेत, आणि कोणत्या सत्तेच्या बाजूने आपण पाहतो आहोत हे ग्रंथाच्या नावातच सांगितलेले आहे. हीच शिस्त ज्ञानालेखाला पाहिजे. पिरिओडो नावाच्या प्रकल्पात ती पाळली जाते: तेथे प्रत्येक युगाची नोंद कोणी केलेली व्याख्या, कोणत्या प्रदेशासाठी, कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या ग्रंथात, या दाखल्यासह होते, आणि एकाच नावाची अनेक युगे आपापल्या कर्त्याच्या नावावर शेजारी शेजारी राहतात. अशा नोंदीत मिलचा मुसलमानी खंड मिलचा राहतो, आयोगाचे मध्ययुग आयोगाचे राहते, आणि १७६१ चे पानिपत कोणाच्याही ताब्यात न जाता आपल्या तिथीवर उभे राहते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, म्हणूनच मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे. पुस्तकातील मत वाचणारा लेखकाचे नाव पाहतो, प्रकाशनाचे वर्ष पाहतो, दुसरे पुस्तक उघडतो आणि स्वतः विचार करतो. यंत्राच्या उत्तराला लेखकाचे नाव नसते. जे त्याच्या आलेखात जात म्हणून नोंदले गेले ते विद्यार्थ्यापुढे निसर्गनियमासारखे येते आणि लक्षावधी वेळा तसेच पुन्हा पुन्हा येते. दोनशे वर्षांपूर्वी एका लेखकाने परक्या भूमीचे पाडलेले तुकडे पाठ्यपुस्तकांतून उपटून काढण्यास इतिहासकारांच्या कित्येक पिढ्या झिजल्या. तेच तुकडे आपण आपल्या हाताने यंत्राच्या स्मरणात पुन्हा पेरावेत आणि त्याला सोय म्हणावे, हे मला कदापि मान्य होणार नाही.

म्हणून नोंद करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे असे: युद्ध केव्हा झाले ते लिहा, कोणत्या गणनेने ते लिहा, किती निश्चितपणे ठाऊक आहे ते लिहा, कोठे झाले, कोण कोणाविरुद्ध आणि कशासाठी लढले, कोणत्या तहाने थांबले आणि कोणत्या मोठ्या संग्रामाचे ते अंग होते ते लिहा, आणि प्रत्येक विधानाखाली त्याचा दाखला द्या. युग लिहावयाचे असेल तर ते ज्याचे मत आहे त्याच्या नावाने लिहा आणि मत म्हणूनच लिहा. युद्धाची जात युद्ध हीच आहे. तिथी ही इतिहासाची साक्ष आहे आणि युग हा त्या साक्षीवर दिलेला निवाडा आहे. निवाडे फिरतात, नव्याने दिले जातात, रद्दही होतात, परंतु ज्या दप्तरात निवाडाच साक्षीच्या जागी लिहिला गेला त्या दप्तरातून पुन्हा न्याय मिळण्याची वाटच बंद होते.